चाखणं वेगळं, पिणं वेगळं

पूर्णा हे जंक्शनचं गाव. परभणीची, नांदेडची आणि हिंगोली-अकोल्याची गाडी इथं एकमेकींना भेटते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. सारी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणते, मीही तेच म्हणतो. ते मला कविराज म्हणतात. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

2022 सालचा मे महिना होता. रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. संध्याकाळी गार्डसाहेबांनी भिंतीवरून हाक मारली, ‘‘कविराज, या जरा. एक परीक्षा घ्यायची आहे. माझी नाही, तुमची.’’

गेलो. अंगणात वहिनींनी दोन टीपॉय मांडले होते, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. एकावर लाल वाईनची बाटली आणि काचेचा पेला. दुसऱ्यावर तसाच पेला, पण त्यात कोरा चहा. दुधाचा थेंब नाही, साखरेचा कण नाही. मावळतीच्या उन्हात दोन्ही पेले लाल दिसत होते.

मी वाईन पीत नाही. दारू कुठलीच पीत नाही. आमच्या धर्मात ती निषिद्ध आहे आणि अब्बांनी तो निषेध काटेकोर पाळलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. ज्या दस्तरखानावर दारू असेल तिथं बसू नये, असंही आमच्यात सांगतात. म्हणून ते हातभर अंतर. ते ठेवा असं मी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. शेजार जुना असला म्हणजे काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

परीक्षा होती माझ्या नाकाची. 2021च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, पण गेलेला वास काही परत येईना. पहिल्या पावसाचा मातीचा वास ही आम्हा कवींची हक्काची ठेव. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा मला अंगण नुसतं ओलं झालेलं दिसलं. बायको चहा द्यायची. तो मला गरम, गोड आणि किंचित कडू पाण्यासारखा लागायचा. एकदा गॅसवर दूध करपून स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि मी शेजारच्या खोलीत निवांत लिहीत बसलो होतो. त्या दिवशी मात्र घाबरलो. दुधाच्या जागी गॅस गळत असता तर?

डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी 2009 साली ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. वास येवो न येवो, तो कसा होता हे मनात आठवायचं. गुलाबाचं अत्तर माझ्याकडे होतंच, लिंबू-लवंग घरात होते, निलगिरीचं तेल औषधाच्या दुकानातून आणलं. महिनोन् महिने हे चाललं. हळूहळू थोडं उमगू लागलं, पण उलटसुलट. फोडणीच्या कांद्याला रबर जळाल्याचा वास यायचा.

गार्डसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांचा मुलगा नाशिकला वाईनच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्यानं वडिलांना घरच्या घरी वाईन चाखायची रीत शिकवली होती. ‘‘पोरगा म्हणतो, चहा पारखणारे आणि वाईन पारखणारे जवळपास एकच रीत वापरतात. मी माझ्या पेल्याशी करतो तसंच तुम्ही तुमच्या पेल्याशी करा. बघू, तुमचं नाक काय म्हणतं ते.’’

मित्रहो, त्या संध्याकाळी जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो आहे. वाईन पिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, न पिणाऱ्यांना कदाचित जास्तच होईल.

शिराझची द्राक्षं

बाटली महागडी नव्हती. गार्डसाहेबांच्या पेन्शनला परवडेल अशी, नाशिकच्या द्राक्षांची, रोजच्या वापरातली. आपल्याकडे हा धंदा तसा नवा आहे. श्यामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राच्या मदतीनं फसफसणारी वाईन काढली. 1999 साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि खाण्याच्या द्राक्षांचा नाशिक जिल्हा बघता बघता वाईनचा जिल्हा म्हणूनही ओळखला जाऊ लागला.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर द्राक्षाचं नाव होतं, शिराझ. ते वाचून मी दचकलोच. शिराझ हे इराणातलं शहर, सादी आणि हाफिज या थोर फार्सी कवींचं. आमच्या गझलेत जो साकी आहे, जो प्याला आहे, तो तिथून आला. फार्सीत मद्याला ‘दुख्तर-ए-रज’ म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीची लेक. फार्सीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणताना ‘द्राक्षकन्या’ हे नाव वापरलं ते उगीच नाही. आणि गंमत अशी की या शायरीतले कितीतरी प्याले कोरडे आहेत. उर्दूतले रियाझ खैराबादी मद्यावरच्या शेरांसाठी नावाजले, पण त्यांनी स्वतः कधी थेंब चाखला नाही असं सांगतात. शब्दात प्याला भरायचा आणि घरात चहा प्यायचा, ही परंपराही जुनीच आहे. मी तिचा पूर्णेतला एक छोटा वारसदार.

मी गार्डसाहेबांना मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘‘हे द्राक्ष इराणचं.’’ ते म्हणाले, ‘‘पोरगा तर फ्रान्सचं म्हणतो.’’ पोरगा बरोबर होता. 1990च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी या द्राक्षाची डीएनए चाचणी केली. त्याचे आई-बाप आग्नेय फ्रान्समधल्या दोन वाणांचे निघाले. इराणच्या शहराशी त्याचं नातं नावापुरतं. नाव ऐकून चव ठरवू नये, हा पहिला धडा मला एक थेंबही न चाखता मिळाला.

आधी तयारी

गार्डसाहेब नियमाचा माणूस. आपल्या राज्यात 1949च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि वाईनसाठी वय किमान 21 पूर्ण हवं. त्यांचा परवाना पाकिटात घडी घालून ठेवलेला असतो, पूर्वी ड्युटीचा पास असायचा तसा.

दुसरी तयारी थंडाव्याची. लाल वाईन ‘घरातल्या तपमानाला’ द्यावी, असं इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते घर युरोपातलं, थंड भिंतींचं. तिथं घरातलं तपमान म्हणजे सोळा ते अठरा अंश. पूर्णेत मे महिन्यात घरातला माठसुद्धा घाम गाळतो. इतक्या उष्ण्यात वाईनमधला अल्कोहोल आधी नाकात चढतो आणि बाकीचा वास दबून जातो. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग काढायची. फार गार केली तरी पंचाईत. वास मुका होतो आणि तुरटपणा वाढतो. चहाचं याच्या उलट. जीभ पोळेल इतका गरम चहा चाखता येत नाही, तो कोमट होऊ द्यावा लागतो.

चहा पारखणाऱ्यांचं मापही ठरलेलं आहे. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहापत्ती आणि सहा मिनिटं झाकण. आपण घरी पितो त्यापेक्षा हा चहा कडक होतो, पण त्यात पत्तीचे गुण आणि दोष दोन्ही लपत नाहीत. वहिनींनी घड्याळ लावून तो केला होता.

पेला फार भरायचा नाही, तिसरा हिस्साच. वरची रिकामी जागा वासासाठी असते. देठाचा पेला नसला तरी अडत नाही. तोंडाशी थोडा निमुळता काचेचा पेला असला म्हणजे वास आत राहतो. घरात उदबत्ती, अंगावर अत्तर, ताटात लसणाची चटणी असं त्या वेळी काही नको. मी अत्तर लावून गेलो होतो. वहिनींनी हात धुवायला लावले.

पहिली पायरी : पाहणं

पेला तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरायचा. गार्डसाहेबांनी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली. वाईनचा रंग मधोमध गडद जांभळा आणि कडेला लालसर होता. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. रस सालींसकट आंबवला तरच वाईन लाल होते. तो रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा, जांभळाच्या सालीत असतो त्याच गटाचा. नवी वाईन जांभळट दिसते, जुनी होत गेली की विटेच्या रंगाकडे झुकते. रोजच्या स्वस्त वाईनचा रंग अगदीच तपकिरी दिसला तर तिला हवा लागली असं समजावं.

माझा चहा तांबूस आणि नितळ होता. चांगला चहा उजेडात धरला की चमकतो. गढूळ, मातकट दिसला तर पत्ती जुनी किंवा निकृष्ट. पत्तीत रंग मिसळला असल्याचा संशय आला तर ओल्या टीपकागदावर चिमूटभर पत्ती पसरावी. कागदावर लगेच रंगाचे डाग उमटले तर दुकान बदलावं.

डोळ्यावर मात्र फार विसंबू नये. फ्रान्समधल्या बोर्दो इथं वाईन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला होता. त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्या नाकांनाही डोळ्यांनी फसवलं होतं.

दुसरी पायरी : हुंगणं

पेला आधी न हलवता हुंगायचा. मग टीपॉयवर ठेवूनच गोल गोल फिरवायचा, म्हणजे आतला वास सुटतो, आणि पुन्हा हुंगायचा. गार्डसाहेबांनी नाक पेल्यात घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘काळी मिरी.’’ मला वाटलं, पोरानं पढवलेलं बोलताहेत. पण नंतर वाचलं तर ते खरं निघालं. काही शिराझ वाईनमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधलं. काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एका माणसाला ते मुळीच जाणवलं नाही. तेव्हा शेजाऱ्याला जो वास येतो तो आपल्याला आला नाही, तर लगेच त्याला खोटं ठरवू नये आणि स्वतःला ढ समजू नये.

मी माझा चहा हुंगला. वाफ लागली. त्यामागे काहीतरी पुसट होतं, वाळलेल्या गवतासारखं. बस्स. मी गप्प राहिलो. गार्डसाहेबांनीही विचारलं नाही.

नाक म्हणजे नेमकं काय काम करतं, हे मला नाक गेल्यावर कळलं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराच मोठा भाग वास असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. उमामी म्हणजे शिजलेल्या डाळी-मांसाची ती भरीव चव, 1908 साली जपानच्या किकुनाए इकेडांनी तिचं नाव ठेवलं. गोड जिभेच्या टोकाला आणि कडू मागं कळतं, हा शाळेतला नकाशाही चुकीचा होता. जिभेवर चवी घेणाऱ्या सगळ्या भागांत सगळ्या चवी कळतात. बाकी आंबा, वेलची, कोथिंबीर, भाजलेलं वांगं हे सारं नाक ओळखतं. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत. ही ग्राहकांची यंत्रणा उलगडल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

घरी एक प्रयोग करून बघा. नाक घट्ट दाबून धरा आणि चिमूटभर बडीशेप चावा. तोंडात नुसता भुसा आणि थोडी गोडी. आता नाक सोडा. बडीशेप अचानक बडीशेप होते. घशाच्या मागच्या वाटेनं वास नाकात चढतो. माझं नाक वर्षभर असं दाबून धरलेलं होतं, इतकंच.

तिसरी पायरी : चाखणं

लहानसा घोट घ्यायचा, गिळायची घाई करायची नाही. तो सगळ्या जिभेवर फिरवायचा आणि ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढायची. सुर्र असा आवाज होतो. वाईनचे आणि चहाचे पारखी हेच करतात, कारण हवेबरोबर वास मागच्या वाटेनं नाकाकडे जातो. आमचे अब्बा बशीतून चहा पिताना असाच आवाज करायचे आणि आम्ही पोरं हसायचो. अब्बा पारखी होते, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

घोट तोंडात असताना चार गोष्टी एकेक करून विचारायच्या. गोड आहे का? लाल वाईन बहुधा गोड नसते. आपल्याकडे ‘पोर्ट’ नावानं मिळणारी स्वस्त वाईन गोड असते आणि पुष्कळांना लाल वाईन म्हणजे तीच वाटते. आंबट किती आहे? आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, त्यावरून तो मोजायचा. ऊब किती आहे? ती अल्कोहोलची. वाईनमध्ये तो साधारण 12 ते 14 टक्के असतो आणि जास्त झाला तर घसा जळतो. आणि चौथा प्रश्न, तुरट किती आहे?

या चौथ्या प्रश्नाला आपली भाषा फार उपयोगी पडते. आपल्या षड्रसांत कषाय म्हणजे तुरट हा रस पहिल्यापासून आहे. कच्चं केळं, सुपारी, आवळा खाणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. आजचे शास्त्रज्ञ मात्र त्याला चव न म्हणता स्पर्श म्हणतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, चहाच्या पानातही त्याच जातीची द्रव्यं असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, हिरड्या, गाल कोरडे खरखरीत लागतात.

गार्डसाहेब म्हणाले, ‘‘हिरड्यांना ओढ बसतेय.’’ मी चहाचा घोट फिरवला आणि म्हणालो, ‘‘मलाही.’’ तुरटपणाला नाक लागत नाही, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही दोघं बरोबरीत होतो. मग वहिनींनी माझ्या चहात चमचाभर दूध टाकलं. पुढच्या घोटाला ओढ निम्म्यावर आली. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, लाळेपर्यंत पोचू देत नाही. लाल वाईनबरोबर युरोपातले लोक चीज किंवा मांस का खातात, त्याचं एक कारण हेच. आपला ठेचा मात्र तिच्याबरोबर जुळत नाही. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो.

चौथी पायरी : थांबणं

घोट गेल्यावर काही वेळ काहीच करायचं नाही. मागे काय उरतं आणि किती वेळ उरतं ते बघायचं. रोजच्या स्वस्त वाईनकडून फार मोठी अपेक्षा करू नये. तिच्याबद्दल तीन प्रश्न पुरतात. ती स्वच्छ आहे का? म्हणजे व्हिनेगरचा किंवा ओल्या रद्दीचा वास नाही ना? ओल्या रद्दीचा वास बहुधा बिघडलेल्या बुचाचा असतो. फिरकीच्या झाकणाची बाटली म्हणजे हलकी, असं समजू नये, त्या झाकणात बुचाचा हा दोष येत नाही. दुसरा प्रश्न, समतोल आहे का? आंबट, तुरट आणि ऊब यांतलं एकच पुढे होऊन ओरडत नाही ना? आणि तिसरा, घोट गेल्यावर फळाची आठवण राहते की नुसती जळजळ?

किमतीचंही रंगासारखंच आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना एकच वाईन दोनदा दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून. नव्वदवाली जास्त आवडली, इतकंच नाही तर मेंदूतला सुख नोंदवणारा भागही तेव्हा जास्त जागा झालेला दिसला. म्हणून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून चाखावी. मी नंतर घरी तीन चहांवर हे केलं. कपांच्या बुडाला आकडे लिहिले आणि बायकोला अदलाबदल करायला सांगितलं. आम्हा दोघांनाही बाजारातल्या किराणा दुकानातली सुटी पत्ती आवडली, तिघांत सर्वांत स्वस्त. पुड्यातला महागडा चहा त्या महिन्यापासून बंद झाला.

या थांबण्याच्या वेळीच ते घडलं. आम्ही दोघं गप्प बसलो होतो. नांदेडकडची गाडी शिटी देऊन गेली. वारा गार्डसाहेबांच्या बाजूनं माझ्याकडे आला आणि मी सहज विचारलं, ‘‘वहिनी, जांभळं आणलीत का?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘आत्ता कुठली भाऊ? जांभळांना अजून महिना आहे.’’

गार्डसाहेबांनी आपल्या पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वास काही टीपॉय बघून येत नाही. कुणी पढवलेलं नसताना, न शोधता, वर्षभरात पहिल्यांदा माझ्या नाकानं एक वास नावानिशी ओळखला होता. मी चहाचा पेला उचलून पुन्हा हुंगला. तिथंही आता नुसती वाफ नव्हती. मला बोलता येईना. गार्डसाहेब म्हणाले, ‘‘पास.’’

पेल्यानंतरचं

त्यांनी त्या संध्याकाळी तेवढाच एक पेला घेतला आणि बाटलीचं झाकण लावलं. उघडलेली लाल वाईन झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते, पुढे ती आंबट होऊ लागते. मी त्यांना विचारलं, ‘‘हृदयाला चांगली असते म्हणतात, त्यात तथ्य किती?’’ ते म्हणाले, ‘‘मी औषध म्हणून घेत नाही.’’ हे त्यांनी बरं केलं. लाल वाईन आणि हृदय यांची गोष्ट 1991 साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमापासून गाजली. पण जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की, आरोग्याच्या दृष्टीनं निर्धोक म्हणता येईल असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. ज्यानं आजवर घेतली नाही त्यानं हे ऐकून सुरू करावी, असं त्यात काही नाही.

हे मी धर्माच्या बाजूनं सांगत नाही, आमच्या गल्लीच्या बाजूनं सांगतो. इथं दारूनं बसलेली घरं मी पाहिली आहेत. ज्यांच्या हातात पगाराच्या दिवशी बाटली असायची, त्यांना तिची चव विचारली असती तर सांगता आली नसती. ते पीत होते, चाखत नव्हते. चाखणाऱ्याला प्रत्येक घोटानंतर थांबावं लागतं. गार्डसाहेबांचा तो एक पेला तासभर चालला, माझा चहाही तेवढाच वेळ. त्यांच्या पेल्याबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि त्यांनी ते बदलावं म्हणून आग्रहही धरला नाही. पण तेव्हापासून मी गझलेत ‘प्याला’ हा शब्द लिहिताना जरा थांबतो. त्यात काय भरलं आहे, त्याचा रंग कुठून आला, ओढ कुठं बसते, हे आता मला थोडंफार माहीत आहे.

त्या रात्री घरी आलो. बायकोनं नेहमीप्रमाणे झोपण्याआधीचा चहा दिला, आलं घातलेला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणालो, ‘‘आज आलं जरा जास्त झालंय.’’

ती चुलीकडे तोंड करून उभी होती. वर्षभर मी तिच्या हातच्या कशालाही चांगलं किंवा वाईट म्हणालो नव्हतो. ती वळली आणि म्हणाली, ‘‘शुक्र है, नुक्स तो निकालने लगे.’’

मित्रहो, उद्या सकाळी एवढंच करून बघा. चहात दूध-साखर पडण्याआधी चार चमचे कोरा चहा वेगळ्या पेल्यात काढा. कागदावर धरून बघा, कोमट होऊ द्या, हुंगा, एक घोट घ्या आणि थांबा. मग हवं तितकं दूध घाला, हवी तितकी साखर घाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)